अर्ध्या टिनाखालचं सीलिंग

प्रिय माय,

काल भरदुपारी मोठेबाबा आपल्या मागाच्या शेडच्या दारात येऊन उभा राहिला. घामानं निथळून राहिला होता. मले म्हणे, "कुंदे, घडीभर आत बसू दे." हे तुले सांगितल्याशिवाय घास गिळवत नाही, म्हणून आज कागद घेऊन बसली. तू जाऊन वीस उन्हाळे झाले, पण मी तुले एक ओळ लिहिली नाही. लिहिणार तरी काय होती?

आधीच सांगून ठेवते, मी त्याले 'तो'च म्हणणार आहे. तू असती तर पदर सावरत दटावलं असतं, "तुह्या बापाच्या मोठ्या भावाले, माह्या भासऱ्याले 'तो' म्हणते काय वं? मोठे हायेत ते!" मोठे होते म्हणूनच तर सारं झालं ना माय! आज दटावू नको. नुसतं ऐक.

तू गेल्यावर वाटणी झाली. बाबा तर आधीच गेले होते, राहिली मी एकटी पोट्टी. रस्त्यावरचं पक्कं घर त्यानं घेतलं. दहा मागांचं ते लांबुळकं टिनाचं शेड होतं, त्याच्या मधात भिंत घातली आणि अर्धं माझ्या तोंडावर फेकलं. "पोरीच्या जातीले एवढं बस झालं," म्हणला. पाच माग त्याच्याकडे, पाच माझ्याकडे, तुझा माग त्यातलाच. भिंत नवी, वरचं टीन तेच जुनं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

लग्न होऊन मी शहापूरले नांदायले गेली. तीन वर्षं झाली, घरच्यांना घेऊन आंधळगावले परत आली. लोकं म्हणतात, कुंदानं बापाचा धंदा राखला. राखला कायचा! तुले खरं सांगते, मी माग चालवायले आलीच नव्हती. त्याचे माग बंद पाडायले आली होती.

आणि ते कसं केलं, माहीत आहे? भांडण नाही, कोर्ट नाही. सीलिंग लावलं.

हासू नको! आधी टिनाले बाहेरून पांढरा चुना मारला. मंग आतून, टिनापासून हातभर जागा सोडून, चांदीच्या पन्नीचा फोम ठोकून घेतला. त्याच्याखाली बुरडाकडून विणून आणलेल्या बांबूच्या चटया. मधात साचलेली गरम हवा निघून जावी म्हणून वरतं दोन फिरते घुमट बसवले. गल्लीतले लोक येऊन येऊन पाहत. "मागाले सीलिंग? कुंदाबाई, बँक खोलून राहिली काय?" म्हणलं, हासा बापा, मे महिन्यात भेटू.

तुले आठवते, तू एकदा मले निरोप देऊन पाठवलं होतं? भासऱ्याशी तू कधी समोरासमोर बोलली नाही. त्याची चाहूल लागली की डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडे. जे काही सांगायचं ते माझ्या तोंडून. "कुंदे, मोठेबाबाले सांग, टिनावर धानाचं तणस टाकून द्या म्हणा, आंग भाजून निघते." मी जाऊन सांगितलं. तो सुपारी कातरत होता. "तणस गाई खाते," म्हणला. "टिनाले कायले खाऊ घालू?" आणि खो खो हासला. मी परत येऊन तुले म्हणलं, पाहतो म्हणले. खोटं बोलली मी. तुले वाईट वाटू नये म्हणून. एक डाव तरी तूच पदर सोडून का नाही बोलली माय? काय खाल्लं असतं काय त्यानं तुले? ह्या गोष्टीचा तुझ्यावर राग आहे माझा. अजूनही आहे.

दारासाठी साकोलीहून मिस्त्री आणला. जुनं दार तुले माहीतच आहे, खालून बोटभर फट, वरतून टिनाचा पत्रा ठोकलेला, लावलं की आत भट्टी आणि उघडलं की लूची गरम झळ थेट मागावर. कोशाचं रेशमी सूत कोरड्या झोतानं तडकते, म्हणून उन्हाळाभर बायांना कोंडून ठेवायचं, ही आपल्या धंद्याची रीत. सासूनं सुनेले शिकवली, कोणी विचारलं नाही. मी एकामागं एक दोन दारं लावली, पक्की सागवानी, खालून रबरी पट्टी, वरच्या भागात उघडझाप करायच्या पट्ट्यांची झिलमिल. दोन दारांच्या मधात चार हात जागा. बाई पहिल्या दारातून येते, ते लावते, मंग दुसरं खोलते. लू मधातच मरते. सुताले झोत लागत नाही आणि बाईले कोंडावं लागत नाही. एवढीशी अक्कल लागत होती!

मिस्त्रीनं विचारलं, "बाहेरून कडी कुठं मारू ताई?"

"मारायचीच नाही. कुलूप असं लाव का आतला माणूस नुसता धक्का देऊन बाहेर निघाला पाहिजे."

"पण ताई, आत कोशाचा माल राहते. चोरीगिरी झाली तर?"

"झाली तर झाली."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि रंधा मारायले लागला.

मंग आला मे. माय, काय सांगू तुले! एकच टीन, एकच ऊन. माझ्याकडे मी चटयांखाली बसून धोटा मारते, गल्लीतल्या बाया गार हवेले येऊन बसतात, गाणी म्हणतात, दुपारचा डबा तिथंच खातात. भिंतीच्या पल्याड त्याच्या बाया घडीघडी पदर ओला करून डोक्यावर घेतात. भिंत एका विटेची. इकडचं हासणं तिकडे जाते. मी मुद्दाम हासत होती. मोठमोठ्यानं.

पहिली आली सुमनबाई. तीच, तुझ्या बाजूच्या मागावर बसायची ती. आता केस पिकले तिचे. "कुंदे, तुह्याकडे माग खाली हाय काय वं?" म्हणलं, तुमच्यासाठीच ठेवला आहे. आठ दिवसांनी दुसरी आली, मंग तिसरी. पोळ्याच्या आत चारही माग भरले, पाचव्यावर मी. त्याच्याकडे होत्याच चौघी, कोणी राहिलं नाही. तुझ्यापुढं खोटं कायले बोलू? मले लय बरं वाटलं. सणाच्या दिवशी पोटभर जेवून आडवं झाल्यावर वाटते ना, तसं.

तरी म्हातारा हटला नाही. ह्या उन्हाळ्यात स्वतःच मागावर बसायले लागला, पंचाहत्तरीत! उघड्या टिनाखाली, तसलंच जुनं दार लावून, एकटा. सुनेचं ऐकत नाही, नातवाचं ऐकत नाही. इकडून मले त्याचा धोटा ऐकू येते. मी माझा माग थांबवून ऐकत बसते.

काहून ऐकते, हे तुलेच कळेल. ज्या दुपारी तू गेली, त्या दुपारी तूही एकटीच होती. भंडाऱ्याचं पोट फाडून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरचा तिसरा का चौथा उन्हाळा होता तो. बाकी बाया जेवायले घरी गेल्या. एका लग्नाचं पातळ होतं, काठ राहिला होता, तू म्हणली उरकून टाकते. सकाळपासून ताण्याचे धागे तुटून राहिले होते. मोठेबाबा माझ्यावर खेकसला, "ह्या बाया घडीघडी दार उघडतात. लाव ते दार! बाहेरून कडी घाल, म्हणजे उघडणारच नाहीत." सतरा वर्षांची होती मी. दार लावलं. खालच्या फटीत ओलं पोतं कोंबलं. कडी घातली.

आणि तू आवाज दिला. "कुंदे, दार." एवढंच म्हणली तू. मी ऐकलं माय. ऐकू नाही आलं असं कधीच झालं नाही. मी म्हणलं, "मोठेबाबा रागावतात, थोडं थांब." आणि शेजारी टीव्ही पाहायले गेली. त्यांच्याकडे नवा कूलर आला होता.

दोन घंट्यांनी कडी काढली तर तू मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बाजूले कलंडली होती. आंग विस्तवावाणी तापलं होतं. गाडीत घातलं, दवाखान्याच्या रस्त्यातच गेली तू. आणि मागावर पाहिलं तर नऊ धागे तुटलेले! दार बंद असून नऊ धागे तुटले! लू आत आलीच नव्हती. टिनाच्या धगीनंच ते वाळून तुटले होते. म्हणजे तुले कोंडून काहीच वाचलं नाही माय. ना सूत, ना तू.

त्यानं गावाले काय सांगितलं? "भावसुनेले बीपी होतं. आधीपासूनच कमजोर होती." तुले बीपी! डोक्यावर धानाचा भारा घेऊन बांधावरून धावत होती तू! त्यानं कडीचं नाव काढलं नाही. आणि मीही काढलं नाही. वीस वर्षं आम्ही दोघं एकच गोष्ट दाबून बसलो.

तर काल. दोन वाजले असतील. भिंतीपल्याडचा धोटा थांबला. मी इकडे पाय आवरून बसली. उठून पाहायले जायचं होतं ना? नाही गेली. मनात म्हणलं, बसू दे. म्हाताऱ्यालेही कळू दे जीव जायले किती वेळ लागते ते. सुमनबाई म्हणली, "कुंदे, म्हाताऱ्याचा आवाज येऊन नाही राहिला वं." मी म्हणलं, झोपला असेल.

तेवढ्यात दारावर थाप पडली. मी दुसरं दार उघडून मधल्या जागेत गेली, पहिलं उघडलं. तो चौकट धरून उभा होता. डोळे लाल, ओठ फाटलेले. "कुंदे, घडीभर आत बसू दे. डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली."

"बसू देईन," मी म्हणलं. "आधी ह्या बायांसमोर सांगा, माझी माय कशानं गेली."

"बीपी होतं ना तिले..."

मी दार पुढं लोटलं. मागून सुमनबाई ओरडली, "अवं, मरन ना म्हातारं!"

"मरू द्या," मी म्हणली. हो माय, म्हणली. माझ्या तोंडून निघालं, आणि मले त्याची लाज वाटली नाही.

त्यानं दाराले हात लावला. चारही बाया माग सोडून आल्या होत्या. तो खाली पाहत म्हणला, "दार म्या लावाले सांगतलं होतं. बाहेरून कडी घाल, हेही म्याच म्हणलं. सूत तुटून राहिलं होतं." मंग मान वर करून माझ्या डोळ्यांत पाहिलं. "पण कडी कोणाच्या हातानं पडली, हेही सांगू काय? वीस वर्सं तोंड शिवून बसलो, पोरी. तुहं लग्न व्हायचं होतं."

 'दार म्या लावाले सांगतलं', त्याच्या ह्या एका वाक्यासाठी मी तीन वर्षं चटया ठोकल्या, बाया फोडल्या, भिंतीले कान लावून बसली. त्याच्याकडेही एक वाक्य राखून ठेवलेलं असेल, हे डोक्यातच आलं नाही. कशी भैताड मी!

"माझ्या हातानं पडली," मी म्हणली. बायांकडे तोंड करून म्हणली. "मी घातली कडी. मायनं आवाज दिला, तो ऐकून मी टीव्ही पाहायले गेली." मंग त्याच्याकडे वळली. "पण मोठेबाबा, मी एकदा घातली. तुम्हाले तर कळलं होतं ना टीन काय करते ते? तेरवीनंतर तुम्ही त्याच टिनाखाली, तसंच दार लावून, ह्याच बाया बसवल्या. सतरा-अठरा वर्षं! माझ्यासाठी चूप राहिले म्हणता. मंग ह्यांच्यासाठी एखादं भोक तरी काहून नाही पाडलं भिंतीले?"

त्याचा दारावरचा हात सुटला. सुमनबाईनं मले बाजूले सारलं, त्याले धरून आत नेलं, माठातलं पाणी दिलं, डोक्यावर ओला दुपट्टा टाकला. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. आज कामावर आली, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तुझी मैत्रीण होती ती. तिचा हक्क आहे.

तो भिंतीले टेकून बसला. बऱ्याच वेळानं भानावर आला. वर चटयांकडे पाहत राहिला, मंग दारांकडे, मंग परत वर. "थंड हाये वं," म्हणला. आणि थोड्या वेळानं, कोणाले विचारल्यासारखं, "एवढंच करा लागत होतं?"

"एवढंच," मी म्हणलं.

मंग तो रडला माय. तोंडावर दुपट्टा घेऊन, आवाज न करता, म्हातारे रडतात तसा. मी पाहत बसली. वाटलं होतं काळीज गार होईल. झालं, पण पुरतं नाही.

जाताना मी म्हणलं, "उद्याही या दुपारी." बायांना वाटलं, कुंदानं माफ केलं. त्यालेही वाटलं असेल. वाटू दे. आज आला तो, बरोबर दोन वाजता. बसला तुझ्या मागाशेजारी.

मी तुले वचन देते माय, मी त्याले माफ करणार नाही, आणि स्वतःलेही नाही. पण उन्हाळा आहे तोवर रोज दुपारी दोन्ही दारं त्याच्यासाठी उघडीन, पाणी देईन, बसायले चांगली जागा देईन. एवढ्याशा गार हवेनं तू वाचली असती. तो रोज त्या गार हवेत बसेल, आणि मी रोज त्याच्या समोर बसीन.

तुझी,
कुंदा