ला पाझमधले महाडकर

५ मे
पोहोचलो एकदाचे! ला पाझ, बोलिव्हिया. विमानतळ डोंगराच्या माथ्यावर आणि शहर खाली खड्ड्यात, म्हणजे विमानातून उतरल्यावरही उतरणं संपत नाही. सकाळच्या उन्हात विटकरी घरांचा तो उभा कडा पाहून वल्लरी टॅक्सीतच रडली. माझ्या बायकोला प्रत्येक देशात एकदा रडू येतं. पेरूत ती लामा नावाचा लोकरी प्राणी बघून रडली होती. मला विचाराल तर कुणीतरी विटांचा ट्रक डोंगरावरून उलटा केलाय आणि गिलावा करायचा राहून गेलाय.

हॉस्टेल बरं आहे. आमची खोली गच्चीवर, दार थेट उन्हात उघडतं. खाली पाठपिशवीवाल्यांचा जमाव. सगळ्यांच्या पायात तीच पट्ट्यापट्ट्यांची ढगळ विजार, अंगात तोच लोकरी स्वेटर, आणि ‘खरं’ ला पाझ फक्त आपल्यालाच सापडलं याची प्रत्येकाला खात्री. एक डच मुलगा मला समजावत होता की इथली माणसं गरिबीतही किती आनंदी आहेत. त्याला जुलैत महाडला पाठवायला हवं, पुरानंतरच्या गुडघाभर चिखलात आमचं दुकान साफ करायला.

आईचा फोन आला. जेवलास का, थंडी आहे का, पोळी मिळते का. हो हो म्हणून ठेवला. महाड सोडून पुण्याला गेलो, पुणं सोडून इथवर आलो, तरी महाड काही सुटत नाही.

७ मे
शहर पाहिलं. पाहण्यासारखं फार नाही. मिनिबसच्या खिडकीतून अर्धी बाहेर आलेली बाई थांब्यांची नावं एका दमात ओरडते. वल्लरीला ते संगीत वाटतं. महाडजवळच्या वीर स्टेशनाबाहेर रिक्षावाले ‘म्हाड म्हाड’ करतात तेव्हा हीच कानांवर हात ठेवते. चेटकिणींच्या बाजारात वाळवलेली लामाची पिल्लं टांगून ठेवलेली. नवं घर बांधताना पायाच्या खड्ड्यात पुरतात म्हणे. गोरी पोरं त्यांच्याशेजारी उभी राहून दात काढत फोटो काढत होती. जेवणात काळे वाळवलेले बटाटे. चव ओल्या खडूची.

दुपारी चौकात कबुतरं आणि बाकांवर म्हातारे. त्यातला एक हुबेहूब दत्तोपंत सर! आमचे महाडचे गणिताचे मास्तर. दोन वर्षांपूर्वी वारले, मी स्वतः खांदा दिला होता. जगात सात चेहरे सारखे असतात म्हणतात, सरांसारखा पडेल चेहरा आणखी कुणाला तरी मिळाला याचं हसूच आलं. वल्लरी म्हणाली, फोटो काढायचास ना.

८ मे
फोटो काढायला गेलो. म्हातारा तिथेच होता. उजव्या हाताची करंगळी अर्धी. सरांची उसाच्या चरकात गेली होती, तश्शीच. माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली. गणित चुकलं की हलवायचे, तशी.

फोटो न काढताच आलो. औषधाच्या दुकानातल्या मुलीने सांगितलं, इथे हवा विरळ, नव्या माणसाला भलतंसलतं दिसू शकतं. गोळ्या दिल्या. साधी पुरेशी हवासुद्धा ठेवता येत नाही या शहराला.

९ मे
गोळ्यांनी डोकं हलकं झालं म्हणून वल्लरीबरोबर भाजीबाजारात गेलो. फूटपाथभर बायका, गोल टोप्या, घेरदार झगे, पुढ्यात बटाट्यांचे ढीग. वल्लरी पुढे गेली. मागून कुणीतरी म्हणालं, “कवा आलास रे?”

मराठीत.

ढिगामागे चंद्रभागा बसली होती. नाते गावाहून डोक्यावर पाटी घेऊन आमच्याकडे शेवग्याच्या शेंगा विकायला यायची ती. गेल्या पावसाळ्यात वारली, आईने फोनवर सांगितलं होतं आणि मी लॅपटॉपवर काम करत ‘अरेरे’ म्हटलं होतं. डोक्यावर इथली टोपी, पण कपाळावरचं गोंदण तेच. ती इतकी साधेपणाने बोलत होती की मीही उभा राहून ऐकत राहिलो. म्हणाली, आपल्याकडची सगळी हिकडंच येतात. वरच्या आळीत ऱ्हातात. पयला पयला दम लागतो, मंग लागत नाय.

मग म्हणाली, “तुज्या घरचं कोनतरी येनार हाय. खोली झाडून ठेवलीय आमी.”

कोण, ते विचारलं. तिने पदर सारखा करावा तशी शाल सारखी केली आणि गिऱ्हाइकाशी त्यांच्या भाषेत बोलू लागली.

वल्लरी म्हणते, मी एका बोलिव्हियन बाईसमोर बराच वेळ नुसता उभा होतो.

१० मे
घरी फोन केला. आई ठीक. बाबा ठीक. दुकान चालू आहे. आई खूश झाली, आज तू आपणहून केलास म्हणाली. 

वल्लरीला इथून निघू या म्हटलं. निघता येत नाही. कुठल्याशा मागणीसाठी रस्ते अडवलेत, बस बंद. या देशाला दुसरा उद्योग नाही. विमानाचं तिकीट तेराचं मिळालं. तोवर खोलीतच राहायचं. मी तरी.

वल्लरीचं काही व्हायचं असेल तर? किंवा माझं? तिलाही बाहेर जाऊ दिलं नाही. भांडली.

११ मे
पाण्याची बाटली आणायला कोपऱ्यापर्यंत गेलो, तेवढंच. मिनिबस आली. आतून ‘म्हाड म्हाड म्हाड’.

प्रवीण. वीर स्टेशनावरचा रिक्षावाला. दासगावच्या वळणावर ट्रकने उडवलं होतं त्याला. खिडकीतून अर्धा बाहेर, हात करतोय. आत सगळे ओळखीचे चेहरे. कुणी वाईट बघत नव्हतं. लग्नाच्या वऱ्हाडासारखे हसत होते सगळे, तेच सहन होईना.

ओरडला, “भाऊ, काकीस्नी आनाया चाललो!”

काकी म्हणजे आई. तो तिला काकीच म्हणायचा.

पळत आलो. फोन लावला, तिकडे पहाट होती. आईला विचारलं छातीत दुखतंय का, चक्कर येते का. ती चिडली, म्हणाली मला काही झालेलं नाही. बाबांना म्हटलं काही ऐकू नका, महाडात दाखवू नका, उजाडलं की गाडी काढा, तिला पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे न्या. बाबा म्हणाले घाटात काम चालू आहे, उद्या-परवा बघू. मी ओरडलो त्यांच्यावर. शेवटी कबूल झाले.

आता बरं वाटतंय. काहीतरी केलं.

१२ मे, सकाळ
फोन नाही. तिकडे संध्याकाळ झाली असेल. पोहोचायला हवे होते. लावतोय — लागत नाही. घाटात रेंज नसते. रेंजच नसते तिथे.

वल्लरी आंघोळीला गेलीय.

परत लावला. नाही.

दार वाजलं. हॉस्टेलवाली मुलगी असेल —

पडदा सारून पाहिलं. आई. बाहेर जायची निळी साडी, काखेत डॉक्टरची फाईल. केसांत काचा. उन्हात चमकताहेत. तिला कळलेलं नाही. ती केसांना हात लावते आणि —

घाट. मीच सांगितलं. मी —

फोन वाजतोय. बाबा. उचलला नाही तर अजून काही झालेलं नाही — उचलला नाही तोवर —

वल्लरी ओल्या केसांनी बाहेर आली. विचारलं, दार वाजतंय ते ऐकू येतंय का. नाही म्हणाली. फोन मात्र ऐकू येतोय. उचलू नकोस म्हटलं. तिने हात पुढे केलाय. मी तिचं मनगट धरलंय, एका हाताने लिहितोय —

आई बाहेर म्हणतेय, रुचिर, हे कुठलं गाव रे. इथलं कुणी काय बोलतंय ते कळत नाही मला. तुझे बाबा मागे राहिले. एकटीला भीती वाटते. दार उघड ना.

वल्लरीने हात सोडवून घेतला —

आई रडतेय. मी दार