आत्याच्या वळणावर

सोमवार, ९ सप्टेंबर

प्रिय ताईस,

नमस्कार. अक्षर ओळखून पाकीट न फोडता बाजूला ठेवलं नसशील, एवढीच आशा. आम्ही सगळे ठीक. हिला बढती मिळाली, त्यामुळे घरी यायला उशीर होतो. माझा गुडघा कुरकुरतो. मैदानावर मी आता शिट्टी वाजवण्यापुरताच. मुलं मागून ‘लंगडे सर’ म्हणतात, मला ऐकू येतं.

लेक पंधराची झाली. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा चार वर्षांची होती, तुझ्या मांडीवरून उतरत नव्हती. आता उंच झाली आहे. आणि अंगाने, कसं लिहू, तुझ्या वळणावर गेली आहे.

बाराव्या वर्षापासून तिचं वजन वाढायला लागलं. मी शाळेतला खेळाचा मास्तर, आणि माझीच मुलगी अशी! रोज सकाळी मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. तीन वर्षं, अंगात कणकण असली तरी. वजन हटेना, तेव्हा ती चोरून खाते असं मी ठरवून टाकलं. एकदा मैत्रिणींसमोर तिचं दप्तर उपडं केलं. वह्या, कंपास आणि एक सफरचंद निघालं. ‘सर, ते माझं आहे,’ शेजारची मुलगी म्हणाली. मी तिलाही दटावलं.

जूनमध्ये शाळेत डॉक्टर मंडळी आली. या वयातल्या मुलांच्या वजनाचा अभ्यास करायचा होता. रक्त घेतलं आणि हालचाल मोजणारा पट्टा आठवडाभर मनगटावर बांधला. संमतीच्या कागदावर सगळ्यांत आधी सही माझी. म्हटलं, हिचा आळस आता कागदावरच येईल.

निकाल सांगायला बोलावलं तेव्हा लेक शेजारी बसली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, “सर, वर्गात सगळ्यांत जास्त हालचाल तुमच्या मुलीची आहे.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“वजन वाढण्याकडे कल तिला जन्मानेच मिळालाय. धावण्याने त्याचा जोर थोडा कमी होतो, पण तो पुसला जात नाही. ती धावली नसती तर वजन कदाचित आणखी वाढलं असतं. तिची यात काही चूक नाही. घरात अशा अंगाचं आणखी कोणी आहे?”

“कोणी नाही,” मी म्हणालो.

लेक खाली बघत म्हणाली, “बाबा, आत्या आहे ना.”

ताई, तिला सगळं माहीत आहे. माझ्या सत्काराच्या दिवशी फोटोसाठी सगळे उभे राहिले, तेव्हा मी तुला म्हणालो होतो, ‘तू जरा बाजूला हो, लोक हसतील.’ तू पर्स उचलून चालती झालीस. मी पाहिलं, आणि फोटोसाठी उभा राहिलो. कारखान्यात आठ-आठ तास उभी राहून तू मला शिकवलंस. तरी तुला मी आळशीच म्हणत आलो, माझी जीभ तशी वळली तरी कशी?

ठीक आहोत असं वर लिहिलं, ते खोटं आहे.

निकालानंतर मी तिला म्हटलं, “राहू दे आता फेऱ्या.” ती म्हणाली, “थांबले तर आणखी वाढेन. डॉक्टरच म्हणाल्या.” ती एकटीच धावत राहिली. डबा टाकून देत होती, ते आम्हाला कळलंच नाही. ऑगस्टात एका सकाळी मैदानावर कोसळली. मी शिट्टी वाजवली आणि सवयीने ओरडलो, “ऊठ, नाटकं नकोत!” ती उठली नाही.

एकोणीस दिवस झाले, ती दवाखान्यात आहे. हृदयाचे ठोके फार मंदावले होते. आता धोका टळलाय. शनिवारी सोडतील. कुठे जायचंय, असं विचारल्यावर म्हणाली, “घरी नाही. आत्याकडे.”

तिची आई तिला घेऊन येईल. मी येऊ नये, असं लेकीनेच सांगितलंय. तुला नको असेल तर मला स्पष्ट कळव. तिला ते कळू देणार नाही, सगळा दोष मी माझ्यावर घेईन.

तिची बॅग मीच भरली. धावायचे बूट ठेवले नाहीत. तिने मागितले तर द्यायचे की नाही, ते तू ठरव. तिच्यासाठी काही ठरवायचा धीर आता मला होत नाही.

तू शिकवलेला,
तुझा धाकटा