नाशपाती, व्हिस्की आणि मावशींचं नाक

प्रिय ठिणगी,

चार महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. तुझ्या आईकडे निरोप दिला तर ती म्हणते, तुमचं तुम्ही निस्तरा, मला मध्ये घेऊ नका. म्हणून हे पत्र. तू का रागावलीस ते मला ठाऊक आहे आणि मी त्यावर येणारच आहे, पण आधी एक पेय कसं जमलं ते तुला ऐकावं लागेल. बाबा टाळाटाळ करतोय असं वाटेल. थोडी करतोयही. पण हे पेय जमलं नसतं, तर पुढचं लिहायची माझी छाती झाली नसती.

मूळ गोष्ट एका दमात सांगतो. फेब्रुवारीतल्या तापापासून मला वास येत नाही. कॉफीचा नाही, उतू गेलेल्या दुधाचा नाही, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा नाही. शेवटचा तेवढा फायदा. डॉक्टर म्हणाले, येईलही, न येईलही. एवढं सांगायला ते सात वर्षं शिकले. जीभ मात्र शाबूत आहे. गोड, आंबट, खारट, कडू तिला चोख कळतं. तिला काय धाड भरलीय, जन्मभर व्यायाम घडलाय. पण बारच्या काउंटरमागे उभ्या राहणाऱ्याचं नाक जाणं म्हणजे शिंप्याचे डोळे जाणं. मी कोणाला सांगितलं नाही, तुझ्या आईलाही नाही. सत्तावीस वर्षांची सवय, हात आपोआप चालत होते, गिऱ्हाईक नाक मुरडत नव्हतं. भागत होतं.

ऑक्टोबर लागला आणि आमच्या मालकीणबाईंना पानगळ सुचली. बाई नाकाने कांदे सोलतात हे तुला माहीत आहेच. म्हणाल्या, ओल्ड फॅशन्ड पिऊन लोक कंटाळलेत, त्याला ऋतूचा साज चढवा, शुक्रवारी चारला मी चव घेते. नाही जमलं तर तयार मिश्रणाच्या बाटल्या मागवू, त्या ओतायला कोणीही चालतो. ‘कोणीही’ म्हणताना त्यांनी नेमकं माझ्याकडे पाहिलं. आता ओल्ड फॅशन्ड म्हणजे काय, तर व्हिस्की, साखर, कडू अर्काचे दोन थेंब, बर्फ आणि वर संत्र्याच्या सालीचा तुकडा. इतका साधा कारभार की चूक लपवायला जागा नाही. जुनं पेय मी झोपेतही करीन. नव्याला नाक लागतं. पण त्याच क्षणी मी ठरवलं की काउंटर सोडायचा नाही. बाटल्या ओतायच्याच असत्या तर मी पेट्रोल पंपावर लागलो असतो.

साखरेऐवजी नाशपातीचा पाक घालायचा, एवढं डोक्यात होतं. उसनं नाक हवं होतं. आमच्याकडे ग्लास धुणाऱ्या मावशी आहेत. वीस वर्षं बारमध्ये आहेत आणि थेंबाला शिवलेल्या नाहीत. का, असं विचारलं तर म्हणतात, रोज तळाशी उरलेलं बघते, तेवढं पुरे. मी म्हटलं, मावशी, जरा सर्दी झालीय, याचा वास घेऊन सांगता का? त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, आठ महिने सर्दी? गॅस सुटला होता त्या दिवशी तुम्ही शेगडीपाशी शीळ घालत उभे होतात, बंद मीच केला. मी जागच्या जागी गारठलो. एवढे दिवस मावशींनी ब्र काढला नव्हता. मग ग्लास नाकाशी नेऊन म्हणाल्या, दातांचा दवाखाना. मी लवंग काढली. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, आजारी माणसाचं जेवण. नाशपाती उकडणं सोडून भट्टीत भाजायला घेतली. तर म्हणाल्या, शर्टावर इस्त्री विसरलात. असं तीन दुपारी चाललं. नाकी नऊ आले म्हणवत नाही, कारण नाक माझं नव्हतंच. गुरुवारी नाशपाती कडा तांबूस होईपर्यंतच भाजली, दालचिनीची काडी पाक कोमट होताच उचलून घेतली आणि संत्र्याची साल आगपेटीच्या काडीच्या ज्योतीवरून फिरवून पिळली. मावशींनी वास घेतला. ग्लास खाली ठेवला. मग न सांगता पुन्हा उचलून नाकाशी नेला. मी समजलो.

शुक्रवारी मालकीणबाईंनी ग्लास संपवला. असं त्या करत नाहीत. म्हणाल्या, अजून नाक तिखट आहे हो तुमचं. तेव्हा हसून मान डोलवली असती की झालं होतं. पण नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात ना, माझं आठ महिन्यांनी उघडलं. नाक माझं नाही, मावशींचं आहे, मला फेब्रुवारीपासून वास येत नाही, सगळं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, म्हणजे आठ महिने माझ्या एकाही गिऱ्हाइकाला कळलं नाही? त्यांना माझ्या नाकापेक्षा स्वतःच्या गिऱ्हाइकांचं दुःख जास्त झालं. काउंटर माझ्याकडे राहिला, पण प्रत्येक नवं पेय आधी मावशींच्या नाकाखालून जाणार. मावशींनीही अट घातली, मग ग्लास दुसऱ्याने धुवायचे.

आता तुझ्या रागाचं. जूनमध्ये तुझ्या नव्या घरी, सासरच्या सगळ्यांसमोर, तू केलेला पहिला केक मी दोन वेळा मागून खाल्ला आणि म्हणालो, याहून सुंदर केक जन्मात खाल्ला नाही. बाकी सगळ्यांनी पहिल्याच घासाला बश्या बाजूला सरकवल्या होत्या. का, ते दुसऱ्या दिवशी तुझ्या आईकडून कळलं. डबा रात्रभर कपडे धुण्याच्या पावडरीच्या कपाटात होता आणि केकला तिचा भपकारा येत होता. तुला वाटलं, बापाने चारचौघांत टोमणा मारला. माझा लौकिक बघता कोणालाही तेच वाटलं असतं. त्याच दिवशी खरं सांगायला हवं होतं. पण तू मला खवचट समजावंस हे मला परवडत होतं, निकामी समजावंस हे नव्हतं. मालकीणबाईंना सांगितलं आणि आभाळ कोसळलं नाही, म्हणून आता तुला सांगतोय. रविवारी अकरा वाजता मी येतोय. दार उघडायचं की नाही ते तू बघ, मी पायरीवर बसेन, मला काही घाई नाही. एवढंच ध्यानात ठेव की केक मऊ होता आणि साखर बरोब्बर पडली होती. मी तिसरा तुकडा मागणार होतो, तेवढ्यात तू ताट उचललंस.

तुझाच, टोमणा न मारणारा,
बाबा