चौतीस नावांची हजेरी

साकाता,
२ जुलै २००९

चि. तोमोहारू यास,
अनेक आशीर्वाद. पत्राच्या आरंभी हवापाण्याची चौकशी करायची आपली रीत आहे. ती मी मुद्दाम मोडते आहे, म्हणजे मी किती चिडले आहे ते तुला पहिल्याच ओळीत कळेल.

उन्हाळ्याची भेट म्हणून तू पाठवलेली शेवयांची पेटी न उघडता परत पाठवली आहे. शेवया खाऊन गोड होईल असं हे प्रकरण नाही. एप्रिलमध्ये मियोच्या चौदाव्या वाढदिवसाला तू तो हातात धरून खेळायचा खेळ पाठवलास. तुझ्याच कंपनीचा, त्यातली गोष्टही तूच लिहिलेली. मेच्या सुट्ट्या संपल्या आणि सात तारखेपासून पोरगी शाळेत गेलेली नाही. सकाळी पोट दुखतं. दुपारी दुखत नाही, कारण दुपारी ती खोलीत बसून तुझा खेळ खेळते. कारण विचारलं तर म्हणते, कारण काही नाही. तिचे बाबा बदलीवर साप्पोरोला. त्यांना फोन केला तर म्हणाले की येईल वळणावर. लांबून बोलायला काय जातंय!

मी शाळेच्या पालक मंडळाची उपाध्यक्ष आहे हे तुला माहीत आहे. दर महिन्याला शंभर आयांसमोर उभी राहून मी शिस्तीवर बोलते. माझीच मुलगी घरी बसली आहे हे कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून मी सगळ्यांना सांगितलंय की मियो तुझ्याकडे तोक्योला राहायला गेली. शाळेलाही तेच सांगितलं आणि नगरपालिकेत तिचं नाव तुझ्या पत्त्यावर हलवण्याचा अर्ज दिला. शाळेने बदलीचे कागद दिले, ते माझ्या खणात आहेत. उन्हाळी सुट्टीत ती सरळ झाली की परत आणली म्हणेन.

वर्गशिक्षिका होरीएबाई तुला फोन करतील. मियो पोचली, मजेत आहे, एवढंच म्हणायचं. सगळं तुझ्यामुळे झालंय, तेव्हा एवढं तरी कर.

आशीर्वाद देणं थोरलीचं काम, ते केलं.
तुझी ताई,
कियोए

•

नेरिमा, तोक्यो,
५ जुलै २००९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. इकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही, गाद्यांना बुरशी धरली आहे. तुझी प्रकृती उत्तम असणार, पत्राच्या आवाजावरून कळलं.

शेवया परत मिळाल्या. मीच खातोय. छान आहेत.

फोन आला तर मी खोटं बोलणार नाही. तुझी ही खोड जुनी आहे. मी कॉलेज सोडून खेळ लिहायला लागलो, तेव्हा तू नातेवाइकांत सांगितलंस की मी दवाखान्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. बाबांच्या अंत्यविधीला काकांनी मला त्यांच्या रक्तदाबाच्या यंत्रात काय बिघडलंय ते विचारलं, आणि मी तासभर नंदीबैलासारखी मान हलवत बसलो. तेव्हा तू समोर बसून चहा ओतत होतीस. जे माणूस तुला चारचौघांत दाखवता येत नाही, त्याचं तू दुसरंच काहीतरी करून टाकतेस. माझं झालं, आता लेकीची पाळी.

आणि खेळाला नावं ठेवण्याआधी तो बघ तरी. त्याचं नाव ‘सातवी घंटा’. दिवसा शाळा असते. हजेरी, तास, डबा, वर्गझाडणी, सगळं. सहा तास संपले की सातवी घंटा होते आणि जिन्याखालचं दार उघडतं. खाली भुयार, भुयारात राक्षस. दिवसा ज्यांच्याशी दोस्ती केली तीच मुलं खाली आपल्या बाजूने लढतात. म्हणजे शाळा बुडवली तर ह्या खेळात पुढे जाताच येत नाही. तुझ्या घरात तिला शाळेत जा म्हणणारा, आणि तिने ज्याचं ऐकलं असा, मी एकटाच दिसतो. ती भुयाराच्या कितव्या मजल्यावर अडली आहे ते विचार. चौथ्यावर बहुतेक सगळे अडतात. तिथले आरसे फोडायचे असतात, एवढा माझा निरोप दे.

लोभ करण्याइतकी तुला सवड झाली तर करावा.
तुझा,
तोमोहारू

•

साकाता,
९ जुलै २००९

चि. तोमोहारू यास,
आशीर्वाद.

ती कुठल्याच मजल्यावर अडलेली नाही. ती खाली जातच नाही.

परवा तिच्या खोलीत कपडे वाळत घालायला गेले होते. (तिचे कपडे हल्ली घरातच वाळवते. अंगणात घातले तर शेजारच्या इगाराशीबाई बघतील. तिची सायकलसुद्धा ताडपत्रीखाली झाकून ठेवली आहे. मला हौस आहे असं समजू नकोस.) तिच्या पाठीमागे उभी राहून मी अर्धा तास बघितलं. हजेरी होते. हिचं नाव आलं की ही बटण दाबते आणि तोंडानेही हळूच हजर म्हणते. मग तास, मग डबा, मग फडकं घेऊन वर्ग पुसते. घंटा होते, दार उघडतं, ही त्याच्यासमोरून चालत घरी जाते. आणि पुन्हा दुसरा दिवस, पुन्हा हजेरी. घरातली केरसुणी कधी हातात धरली नाही ह्या मुलीने!

पण त्या वर्गात मुलंच उरली नाहीत. विचारलं तेव्हा चार वाक्यं बोलली. म्हणाली की भुयारात गेलं नाही तर खेळातल्या दर आठवड्याला वर्गातलं एक मूल नाहीसं होतं. चौतीस होते, आता पाच उरलेत. बाई मात्र रोज चौतीसच्या चौतीस नावं घेतात. एकोणतीस वेळा कुणी उत्तर देत नाही, आणि ही गुडघे पोटाशी घेऊन ऐकत बसते. काल खिडकीजवळचं बाक रिकामं झालं म्हणून जेवली नाही. मी केलेल्या भाताला हात लावला नाही, आणि नसलेल्या मुलीसाठी डोळ्यांत पाणी.

हे असलं कोण लिहितं? पोरांच्या हातात द्यायची वस्तू आहे ही? तू लिहिलंस, तूच निस्तर. पोरं परत येतील असं काहीतरी कर.

कियोए

•

नेरिमा,
१२ जुलै २००९

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र कचेरीत नेऊन दोनदा वाचलं.

अकरा माणसं चार महिने रोज खेळून तो खेळ तपासत होती. भुयारात गेलाच नाही असा त्यांत एकही निघाला नाही. लोक त्यासाठीच तर घेतात. महिनाभर टाळाटाळ करणाऱ्याला जरा दटावावं म्हणून मुलं नाहीशी होण्याची युक्ती मी घातली होती. शेवटपर्यंत कुणी वर्गातच बसून राहील हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि हजेरीचं म्हणशील तर ती शुद्ध चूक आहे. नावांची यादी एकदाच भरली. मूल गेलं की त्याचं नाव गाळायचं मी विसरलो. कुणाच्या नजरेला आलं नाही, कारण तिथवर कुणी गेलंच नव्हतं.

आता काही करता येणार नाही. खेळ दुकानांत गेला, घराघरांत गेला, त्यातली एक ओळही मला बदलता येत नाही. सोबत मियोला वेगळी चिठ्ठी आहे. पाच जण आहेत तोवर त्यांना घेऊन खाली जा, गेलेली मुलं भुयाराच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर सापडतात, असं लिहिलंय. तिला दे, आणि फोडून वाचू नकोस.

शुक्रवारी होरीएबाईंचा फोन आला. मियो पोचली का विचारलं. मी म्हटलं, पोचली, मजेत आहे. वर धन्यवादही म्हटलं. एवढ्या फुशारक्या मारून शेवटी मी तुझाच भाऊ निघालो. त्याबद्दल मला माझा जेवढा राग येतो, त्याच्या दुप्पट तुझा येतो.

तोमोहारू

•

साकाता,
१६ जुलै २००९

मामा,
न. वि. वि. (मोठ्यांना असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं.)

तुझी चिठ्ठी मिळाली. आईने वाफेवर उघडून परत चिकटवली होती, पण दिली. मला खाली जायचं नाही. लढायला मला आवडत नाही. मला वर्गात बसायला आवडतं, आणि तो एकच वर्ग होता जिथे मला बसता येत होतं.

इथल्या वर्गात मला कुणी मारलं-बिरलं नाही. आईने पालक मंडळात ठराव करून शाळेत मोबाइल बंद केले. त्या दिवसापासून मुली माझ्याशी बोलत नाहीत. मी काही विचारलं तर माझ्या मागच्या भिंतीकडे बघतात. आईला हे सांगितलं असतं तर तिने त्यावर अजून एक सभा घेतली असती.

नावं गाळायची राहिली ती तुझी चूक, असं तू लिहिलंस. तुझ्या खेळात तेवढंच एक चांगलं आहे. ती चूक नसती तर मी खेळ केव्हाच बंद केला असता. गेलेल्यांचं नाव बाई रोज घेतात हे बघून मला वाटलं की खऱ्या वर्गातही माझं घेत असतील. उत्तर येत नसेल, पण घेत असतील. दोन महिने रोज साडेआठला मी अंथरुणात हजर म्हणायचे.

काल बुधवार होता. आई बाजारात गेल्यावर मी गणवेश घातला, ताडपत्री काढली आणि सायकलने शाळेत गेले. मी आत जाणार होते. अगदी खरं सांगते, जाणार होते. पोटही दुखत नव्हतं. बूट काढून कप्प्यापाशी गेले तर कप्प्यावर माझ्या नावाची पट्टी नाही. आत वर्गात घालायचे माझे पांढरे बूट नाहीत, कुणाची तरी छत्री ठेवलेली. बाहेरच्या बुटांनी आत जाता येत नाही, आणि नुसत्या मोज्यांनी जाणारं कुणी असतं का? मी तिथेच उभी राहिले. वर वर्गाच्या खिडक्या उघड्या होत्या, हजेरी चालू होती. सुगावारा झालं. मग तानिमुरा. मध्ये मी असते, सेनोओ. बाई थांबल्यासुद्धा नाहीत.

घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली की तिने माझ्या भल्यासाठी केलं. आणि म्हणाली की मामानेही फोनवर तेच सांगितलं. तू पण.

बदलीचे कागद आईच्या खणात सापडले. त्यावर तुझा पत्ता आहे. शनिवारच्या बसने येते. न्यायला येऊ नकोस. मला तुझ्याशी बोलायचं नाहीये, फक्त राहायचं आहे. इथे मी राहत नाही असं सगळ्यांना सांगून झालंय, तेव्हा इथे राहण्यात काही अर्थ नाही.

खेळ इथेच ठेवते. शेवटची मुलगी काल गेली.

मियो

•

नेरिमा,
१९ जुलै २००९

ती. ताईस,
न. वि. वि. मियो सुखरूप पोचली. न्यायला येऊ नको म्हणाली होती तरी गेलो. ती माझ्या दहा पावलं मागून चालत आली. रात्री दोन वाट्या भात जेवली. अजून माझ्याशी बोललेली नाही. हवं-नको कागदावर लिहून फ्रिजला लावते. पहिला कागद असा होता की मी घोरतो.

तू शुक्रवारी फोनवर रडलीस, ओरडलीस, तिला परत पाठव म्हणालीस. नाही पाठवणार. ती परत यायचं म्हणेल त्या दिवशी तिकीट मी काढीन, त्याआधी नाही. मंगळवारी तिच्याबरोबर पालिकेच्या कचेरीत जाऊन नाव नोंदवतो. एक सप्टेंबरला ती इथल्या शाळेत जाईल किंवा जाणार नाही. गेली नाही तर गेली नाही म्हणून सांगीन, विचारणाऱ्या प्रत्येकाला.

तिच्या शाळा सोडण्याचं कारण तू माझ्या खेळात शोधत होतीस. ते तुझ्या ठरावात आहे. मोबाइल बंद झाले त्या दिवसापासून वर्गाने तिच्याशी अबोला धरला. तुला बरं वाटावं म्हणून मी हे लपवणार नाही, लपवण्याचा तुझा धंदा आपल्या दोघांनाही पुरला. ती परत शाळेत जायला निघाली होती, ताई. आपली आपण, कुणी न सांगता, बुटांच्या कप्प्यापर्यंत पोचली होती. तिथली पट्टी तू काढायला लावलीस आणि मी फोनवरून हो म्हटलं. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, तूही विसरू नकोस.

तोमोहारू

•

साकाता,
२६ जुलै २००९

चि. तोमोहारू यास,
अनेक आशीर्वाद. तुला मी माफ केलेलं नाही हे आधी सांगते. चौदा वर्षं मी वाढवलेल्या मुलीचं शाळा सोडण्याचं कारण मला तुझ्या पत्रातून कळावं, हे मला गिळवत नाही. तो ठराव मी उभी राहून मोठ्याने वाचला होता आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्याच मुलींच्या आया होत्या.

काल इगाराशीबाई गल्लीची सूचनावही द्यायला दारात आल्या. मियो तोक्योला रुळली का, असं त्यांनी विचारलं. दोन महिने मी ह्या प्रश्नाला फटाफट उत्तर देत आले. शाळेचं अंगण कसं आहे, मैत्रिणीचं नाव काय, सगळं रचून तयार होतं. काल पहिल्यांदाच तोक्यो खरं होतं. मी दारातच खाली बसले.

त्याही शेजारी बसल्या. मी सगळं सांगून टाकलं, त्या मान हलवत राहिल्या. मला वाटलं होतं की त्यांना धक्का बसेल. पण त्या म्हणाल्या की मे महिन्यापासून सगळ्या गल्लीला माहीत होतं. पोरगी घरात आहे, शाळेत जात नाही, हे तांदूळवाल्यापासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मी तोक्यो म्हणत होते, म्हणून तेही सगळे तोक्यो म्हणत होते. माझं मन राखायला. त्यांच्या दोघी सुना तर मियो खिडकीशी दिसली की मान खाली घालून जायच्या, म्हणजे आपण पाहिलं असं मला वाटू नये.

मियो खिडकीत उभी राहायची, तोमोहारू, आणि येणारीजाणारी माणसं एकेक करून मान खाली घालायची. हे माझ्यासाठी. तिला ते काय वाटलं असेल ह्याचा मी कालपासून विचार करते आहे. मी तिला कुणापासून लपवत होते, ते मला सांगता येत नाही.

तुझ्यावर लोभ नाही, त्यामुळे तो मागतही नाही. एक काम कर. मी तिला पत्र लिहिलं तर ती वाचेल का, ते तिला विचार. नाही म्हणाली तर तसं कळव. तुझ्या मनाने काही जोडू नकोस, तिचेच शब्द लिही.

कियोए