लिंपलेला चंदन

होटगी, १२ डिसेंबर १९७४

ती. अण्णांस,
चन्नवीरचे शरणार्थ.

मायाप्पा समोर बसला आहे. तुमची गुलबर्ग्याची गाडी गेल्यापासून त्याला नजरेआड होऊ दिलेले नाही. चंदनाला भोक पाडल्याबद्दल उद्या सकाळी जंगलखात्याचा गार्ड त्याला न्यायला येईल.

"काय लिव्हताय, धाकलं मालक?"

"घरचं."

"माजं नाव घातलंय का? घाला की. कागदावर एकदा तरी येऊ द्या."

इकडे ज्वारी पोटरीत आहे. वहिनींचा खोकला कसा आहे?

चोर दुरून दिसावा म्हणून चंदनाभोवतीची तरवड आणि बोराटी तोडायला तुम्ही सांगितले होते. दुपारी मायाप्पाला बरोबर घेऊनच गेलो. पहिला घाव घातला तसा त्याने माझा कोयता धरला.

"त्यांस्नी तोडू नगा. चंदन एकला जगत न्हाय. शेजाऱ्याच्या मुळाला तोंड लावून पितो."

मी थांबलो. ते झाड कुणी लावलेले नाही. पाखरांनी बी टाकले, काट्यांनी शेळ्यांपासून राखले. ओढ्याच्या मुरमात ते दोन पुरुष उंच झाले आहे.

भोकावरच्या चिखलात तुम्ही मायाप्पाच्या तुटक्या अंगठ्याचा ठसा ओळखला. चोर गाभ्याचा वास बघायला आधी भोक पाडतात, याने ते झाकले, असे म्हणालात. मी त्याला विचारले.

"कीड शिरंल म्हून लिंपलं. उगडी जखम ठिवत्यात व्हय?"

"भोक कुणी पाडलं, पाहिलंस?"

त्याने माझ्याकडे बघितले आणि भाकरीचे फडके सोडले. मग म्हणाला, "आदी जेवा. अंबूनं तुमच्याबी दोन भाकरी धाडल्यात."

अंबुबाई, त्याची बायको, शेळ्या घेऊन बांधावर उभी होती. जवळ आली नाही.

मी त्या भाकरी खाल्ल्या, अण्णा.

मी रजेवर नाही. मिलमधून काढल्याला सात महिने झाले. चंदनाने वासाचा गाभा धरला आहे का, एवढेच पाहून ये म्हणून एका व्यापाऱ्याने सांगितले होते. धरला आहे. भोक पाडले ते गिरमिट आपल्याच कडब्याच्या गंजीत आहे. त्याचा वास अजून गेलेला नाही.

मायाप्पा भिंतीला टेकून झोपला आहे. मी दार उघडे ठेवले आहे. तो जात नाही.

ज्याला तुम्ही राखणीला बसवलेत तो,
चन्नवीर

ता. १३. सकाळी गार्ड आला. गिरमिट मी त्याच्या हातात दिले. मला सोलापूरला नेत आहेत. पत्र मायाप्पा टाकील.