तेल कापडावर गोळी होऊन बसलं

राजरत्न,

जॅकेटांचं गाठोडं दाराशी ठेवलंय. ‘घातक केमिकल नाही’ हे लेबल मी एकाही जॅकेटला शिवलेलं नाही आणि शिवणारही नाही.

पाण्यानं न भिजणाऱ्या कापडाचं जुनं केमिकल तुमच्या फॅक्टरीनं बंद केलं, म्हणून दिवाळीत तू पेढे वाटलेस. ते नाल्यात गेलं की कुजत नाही, तसंच राहतं, हे तूच आईला समजावलंस. ओळखायचं कसं तेही तूच शिकवलंस. पाणी दोन्ही कापडांवरून ओघळतं, पण तेल नव्यात मुरतं आणि जुन्यावर गोळी होऊन बसतं.

आज मी पाच जॅकेटांवर खोबरेल टाकलं. पाचही वेळा गोळी! शिसारी आली मला, कापडाची नाही, तुझी. काल ‘हे कापड नव्या केमिकलचंच ना?’ असं विचारलं तर नजर चुकवून म्हणालास, “ताई, तू टाके घाल, डोकं चालवू नको.” म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं.

आईला घेऊन वांगणीला मावशीकडे जातेय. ती अजून अख्ख्या मोरिवलीत सांगत फिरते, “माझ्या पोराच्या फॅक्टरीनं विष वापरणं बंद केलं.” तिच्यासमोर बसून ही लेबलं शिवायची माझी छाती नाही.

भाकरी टोपल्यात आहे, कालवण गरम करून घे.

उद्या फॅक्टरीत या मालाच्या तपासणीच्या कागदावर तुझी सही लागणार. खोबरेलाची बाटली गाठोड्यावरच ठेवलीय. मालकासमोर एक थेंब टाक आणि दिसेल तेच लिही. ते जमत नसेल तर वांगणीला ये आणि आईला तुझ्याच तोंडानं सांग.

मैत्रेयी