चौदा नंबरच्या चिठ्ठ्या

४ जून, मंगळवार

आता गाणी तपासायची! एवढंच राहिलं होतं. साहेबांनी फाइल टेबलावर आपटली. "शाळाशाळांतून वाजणार आहे. प्रेरणादायी रॅप आहे. तुम्ही इतिहासाच्या तपासनीस, तथ्यं बघा आणि सही करा." एकवीस वर्षं पाठ्यपुस्तकांतल्या चुका काढतेय, कचेरीत मला मागून 'लाल पेन' म्हणतात ते मला ठाऊक आहे. पण पाठ्यपुस्तकात निदान वाक्यं असतात. इथे नुसता ठोकाठोकीचा ताल आणि 'ऊठ, लढ, जिंक' असला आरडाओरडा.

वर गायिकेचं नाव वाचलं आणि डोकंच फिरलं. माझी भाची! बहिणीची मुलगी, चोवीस वर्षांची, स्टेजवर स्वतःला 'ठिणगी' म्हणवते. आणि गाण्याचं नाव 'चौदा नंबर'. म्हणजे माझी आई.

साहेबांना म्हटलं, हे माझ्या घरातलं आहे, दुसऱ्या कोणाला द्या. "मग तर सोपंच झालं की!" म्हणाले आणि चहाला गेले.

५ जून

सेहेचाळीस वर्षांपूर्वी वरच्या धरणाची भिंत खचली. आई तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, नंबर चौदा. खालच्या गावांना एकेक करून फोन लावले, लोक वेळेवर टेकडीवर गेले. आईला पदक मिळालं. हा झाला इतिहास. आता भाची काय म्हणते बघा—

*तीन रात्री, तीन दिवस, खुर्ची नाही सोडली,*
*पाणी आलं गुडघ्याला, पण लाइन नाही तोडली!*

एक्स्चेंज पहिल्या मजल्यावर होतं. तिथे गुडघ्याएवढं पाणी आलं असतं तर लाइन आपोआप तुटली असती, हिच्या परवानगीची वाट बघत बसली नसती. पुढे 'हजारो जीव' म्हणते. सरकारी अहवालात सहाशे बारा आहेत. सहाशे बारा माणसं वाचवणं हिला कमी वाटतं का?

आणि तीन रात्री तर धडधडीत खोटं. मी सात वर्षांची होते, धाकटी बहीण आजोळी. माझी शाळा नदीपलीकडच्या गावात. पहिल्याच दिवशी संध्याकाळी आई नखशिखान्त भिजून शाळेत आली, मला उचलून वरच्या वर्गात नेलं. पाणी उतरेपर्यंत आम्ही तिथेच होतो. बाक जोडून झोपायचो, माझं डोकं तिच्या मांडीवर. मला चांगलं आठवतं, तिच्या ओल्या पदराचं टोक मी मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. तीन रात्री खुर्ची नाही सोडली म्हणे! लाल पेनने ओळच खोडली. समासात लिहिलं— 'फार तर एक दिवस.'

६ जून

भाचीचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम तोफ! "मावशी, 'फार तर एक दिवस'वर मी काय गाऊ? मुलं जांभया देतील!"

मी म्हटलं, जांभया देऊ देत, पण खरं ऐकून देऊ देत. तुझ्या तालाला सोयीचं व्हावं म्हणून माझी आई गुडघाभर पाण्यात उभी राहणार नाही.

"बरं, पाणी काढते. हजारोपण काढते. पण तीन रात्री राहणार."

"का? त्या रात्री ती माझ्याजवळ होती!"

मग म्हणाली, "तू एवढी मोठी तपासनीस ना? एक्स्चेंजमधल्या कॉलच्या चिठ्ठ्या आहेत अजून. जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ." फोन ठेवला. उद्धट कार्टी! बहिणीने लाडावून ठेवलीय, दुसरं काय.

८ जून

आई विचारते, "तपासलंस का गाणं?" म्हटलं, चाललंय. "काही सापडलं?" म्हटलं, चुकाच चुका. ती शेंगा सोलत होती, सोलत राहिली.

११ जून, मंगळवार

गेले टेलिफोनच्या जुन्या दप्तरखान्यात. तळघर, ट्यूबलाइट फडफडणारी, खोकी छतापर्यंत. तिथली दप्तरदारीण स्वतः जुनी ऑपरेटर. निवृत्तीनंतरही कोणी दुसरं मिळेना म्हणून बसलेली. गुडघे धरत उठली, पण खोकं अचूक काढलं.

प्रत्येक ट्रंककॉलची एक चिठ्ठी. कुठून, कुठे, किती वाजता, किती मिनिटं. कोपऱ्यात ऑपरेटरचा नंबर. भाचीचं नाक कापायला आले होते. कापलं गेलं माझंच! पहिला दिवस— चौदा नंबर. पहिली रात्र— चौदा. दुसरी रात्र, तिसऱ्या दिवशीची दुपार, तिसरी रात्र— चौदा, चौदा, चौदा. एकशे सत्त्याऐंशी चिठ्ठ्या.

कागद म्हणतो तीन रात्री. म्हणजे ती ठिणगी बरोबर आणि मी चूक! घरी येताना रिक्षावाल्याशी विनाकारण भांडले.

१२ जून

पण पदर माझ्या मुठीत होता. ते मी कुठे गाण्यात ऐकलेलं नाही.

१३ जून, गुरुवार

साहेबांना पोट दुखतंय सांगून परत दप्तरखान्यात. आज नंबर बघितले नाहीत. अक्षर बघितलं.

आईचं अक्षर मी झोपेतही ओळखेन. मोठं, गोल, पोरांच्या वहीतल्यासारखं. माझ्या डब्यात चिठ्ठी घालायची ती. पहिल्या दुपारच्या चिठ्ठ्या तशाच गोल अक्षरात आहेत. शेवटची गोल चिठ्ठी चार वाजून वीस मिनिटांची. फोन कोणाला? नदीपलीकडची प्राथमिक शाळा. एक मिनिट. त्यानंतर सगळं अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. नंबर मात्र चौदाच.

दप्तरदारणीसमोर दोन्ही चिठ्ठ्या ठेवल्या. तिने चष्मा कपाळावर चढवला आणि हसली. "अहो, नंबर सांभाळला असणार."

म्हणजे काय?

"एखादीचं मूल आजारी, एखादीची सासू मरायला टेकलेली. रजा कोण देतंय? मग ती हळूच उठून जायची आणि शेजारची तिच्या नंबरवर चिठ्ठ्या फाडत राहायची. संध्याकाळी सुपरवायझर चिठ्ठ्या मोजायची, माणसं नाही. आम्ही सगळ्यांनी केलंय ते. पण तास-दोन तास! तीन दिवस कोणी सांभाळला हा नंबर?"

हजेरीपटात बघितलं, शेजारच्या खुर्चीवर नऊ नंबर. तिच्या स्वतःच्या नावावर तीन दिवसांत अकरा चिठ्ठ्या. तेच बारीक अक्षर. बाईने आपल्या नंबरवर लिहायचंच सोडून दिलं होतं! चौदा नंबर कधीही येईल, तिची गैरहजेरी लागू नये, एवढंच तिच्या डोक्यात असणार. सहाशे बारा माणसं जागी करत होती आणि वर मैत्रिणीची हजेरीही लावत होती.

खोक्याच्या तळाशी चौकशीचा कागद. 'चौदा नंबर, असामान्य कर्तव्यनिष्ठा, पदकासाठी शिफारस. नऊ नंबर, आणीबाणीच्या काळात कामात अक्षम्य हयगय. कामावरून कमी करावे.'

दोनदा वाचला. मग दप्तरदारणीकडे पाणी मागितलं.

१४ जून

संताप संताप होतोय. आईचा! एक शब्द नाही बोलली? चौकशीत उभं राहून सांगायचं होतं, मी नव्हते, ही होती. नोकरी जाईल म्हणून? बाबा तर आधीच गेलेले, घरात दोन मुली, हो, हो, सगळं कळतं मला! पण नंतर? सेवानिवृत्तीच्या समारंभात? आम्ही दर वर्षी पदक पुसत होतो तेव्हा? दुसरीच्या पोटावर पाय देऊन मिळालेलं पदक पुसायला मला लावलं!

आणि उठली कोणासाठी? माझ्यासाठी. हेच तर बोलता येत नाही. तिला शिव्या द्यायला लागले की मीच मध्ये येते, सात वर्षांची, भिजलेली.

जेवताना विचारलं तिने, "दप्तरखान्यात गेली होतीस म्हणे?" कोणी सांगितलं कोण जाणे. म्हटलं, हो. "मग?" मी म्हटलं, ट्यूबलाइट बदलायला झालीय तिथली. तिने ताट सरकवलं. अर्धी भाकरी तशीच.

१५ जून

साहेब— "अहो, एका गाण्याला दोन आठवडे? महायुद्ध तपासायला तुम्हाला चार दिवस लागले होते!"

१७ जून, सोमवार

सही केली.

काय करणार होते? अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे ती. शाळाशाळांतून मुलं ओरडणार, चौदा नंबर खोटी, चौदा नंबर पळपुटी? शेजारीपाजारी काय म्हणतील, हा विचार माझ्या मनात आला, हेही लिहून ठेवते. मी! जिने एका मंत्र्याची जन्मतारीख दुरुस्त करून पगारवाढ घालवली.

शेरा लिहिला— 'तपासले. मूळ नोंदींशी जुळते.' शब्दन् शब्द खरा आहे. नोंदींशी जुळतंच. आयुष्यात इतकं हलकट खरं वाक्य मी लिहिलेलं नाही. पाणी आणि हजारो तेवढे काढायला लावले. तीन रात्री ठेवल्या. फाइल पुढे गेली, गाण्याची पुस्तिका आज छापखान्यात.

भाचीला फोन करून सांगितलं, तुझंच बरोबर होतं, जिंकलीस. मला वाटलं नाचेल. "बरं," म्हणाली, एवढंच.

१९ जून

भाची कचेरीत आली. टोपी नाही, ठसका नाही. दारातूनच म्हणाली, "मावशी, खरंच सही केलीस?"

तिला सगळं ठाऊक आहे. आईनेच चार महिन्यांपूर्वी सांगितलं. ही गाणं बदलायला निघाली तर आई म्हणाली, नको, असंच पाठव, मावशीच्या टेबलावर जाऊ दे. माझ्या तोंडून तिला ऐकवायचं नाही, ती कागदावरून शोधेल.

शनिवारी कार्यक्रम आहे. पहिल्या रांगेत नऊ नंबर बसणार आहे. आईने स्वतः फोन करून बोलावलंय— ये, या वेळी माझी मुलगी तपासतेय, ती चुकीचं पुढे जाऊ देत नाही.